मुठीबाहेरचा अंगठा

"अंगठा तळहातावर आडवा ठेवा आणि वरून मूठ मिटा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी मिटली. अंगठ्याचं टोक करंगळीपलीकडून बाहेर आलं. मॅडमनी दुसऱ्या हाताचीही मूठ मिटायला लावली. तिथेही तसंच. मग त्यांनी नळी पुन्हा कानांत घातली आणि म्हणाल्या, "जरा पुढे वाका. श्वास सोडा. आता लगेच घेऊ नका."

धुळ्यातल्या एका शाळेचा तो वर्ग होता. बाकं भिंतीकडे सरकवलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. खिडकीबाहेर सिमेंटच्या कोर्टावर आमच्या संघाची पोरं बॉल आपटत होती. त्यांची तपासणी भराभर उरकली होती. छाती, नाडी, जीभ, सही, चला. मी शेवटचा होतो आणि माझी तपासणी काही संपत नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. बास्केटबॉल खेळून पगार मिळतो, हे आमच्याकडे कुणाला खरंच वाटत नसे. देशातल्या काही शहरांनी मिळून पगारी खेळाडूंची लीग काढली होती आणि खान्देशातल्या एका तेलगिरणीच्या शेठजींनी हौसेनं तीत आपला संघ उतरवला होता. घरचे सामने कधी जळगावात, कधी धुळ्यात. लीगचं ते दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी दुसऱ्या एका संघाचा मुलगा सराव करता करता कोसळला होता. तो वाचला, पण तेव्हापासून प्रत्येक खेळाडूला डॉक्टरची सही लागायला लागली.

मी जळगावजवळच्या असोद्याचा. घरी केळी आणि कपाशी. अंगात कला म्हणावी तर काही नव्हती, उंची मात्र होती. गावात मांडवाच्या झालरी बांधायला शिडी आणण्याआधी मला हाक मारत. कॉलेजात असताना भुसावळच्या रेल्वे संघातून खेळलेल्या एका गृहस्थांनी मला रस्त्यात पाहिलं, खांद्यावर हात ठेवायला स्वतःचा हात चांगला वर उचलला आणि हसून म्हणाले, "उद्यापासून सकाळी मैदानावर ये." तेच पुढे आमचे सर झाले. मी चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधून खेळायचो. रिंगखाली उभं राहायचं, हात वर करायचे, बॉल ओढून घ्यायचा. तेवढ्यावर मला पगार मिळत होता आणि आई, जिला आम्ही माय म्हणायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होती.

मॅडमनी माझे हात आडवे पसरायला लावून टेपनं मोजले. मग उंची मोजली. हात उंचीपेक्षा बरेच जास्त भरले. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.

"चष्मा कधीपासून?"

"लहानपणापासून."

"नंबर मोठा आहे?"

"हो."

प्रत्येक उत्तरानंतर त्या जरा थांबत. त्या थांबण्याची मला भीती वाटायला लागली. निदान एका तरी प्रश्नाला 'नाही' म्हणता यावं, असं वाटत होतं.

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं आणि काका आठवला. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. माझ्यासारखाच ताड. मी शाळेत जायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. केळीचा घड खांद्यावर घेऊन तो बागेतून बांधाकडे येत होता. घड खाली ठेवला, बसला आणि म्हणाला, पाठीत करवत फिरतेय. गाडी जुंपेपर्यंत गेला. कुणी म्हणालं पान लागलं, कुणी म्हणालं करणी. पायावर साप चावल्याची खूण बायका कितीतरी वेळ शोधत होत्या.

"काका," मी म्हणालो. "पाठीत कळ आली आणि गेले."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "बसा," म्हणाल्या. मी लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. त्या समजुतीच्या आवाजात बोलत होत्या आणि तेच मला नको होतं. हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते, ती काही घराण्यांत मुळातच कच्ची असते, म्हणाल्या. अशी माणसं उंच असतात, हातापायांची बोटं लांब, डोळे अधू. वाहिनी हळूहळू फुगत जाते. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा येतो तशी. जोराचं काम केलं, धावलं, तर...

त्यांनी टेप गुंडाळून ठेवली.

"माझी शंका आहे, खात्री नाही. छातीची सोनोग्राफी करून कळेल. ते यंत्र इथे नाही, मुंबईला जा. तोवर खेळायचं नाही. धावायचंसुद्धा नाही."

"संध्याकाळी सामना आहे, मॅडम."

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा ऊन तसंच होतं, पोरं तशीच ओरडत होती. कोर्टाच्या कडेनं मी चालत गेलो आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी जपून पाय टाकतोय.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग शेठजींना बाजूला घेऊन बोलले. शेठजी हसले. "अहो, सरकारी डॉक्टर. घाबरवणं त्यांचं कामच. जळगावहून दुसऱ्याची सही आणवतो." लीगचे जे अधिकारी आले होते त्यांनी 'सही नंतर द्या' म्हणून मान डोलावली. म्हणजे मला खेळायला कुणाचीच हरकत नव्हती. एका त्या बाईंची होती आणि त्या दवाखान्यात परत गेल्या होत्या.

"खेळाचे कपडे घालून बाकावर बस," सर मला म्हणाले. "गरज लागली तर बघू."

संध्याकाळी बांबू-फळ्यांच्या पायऱ्या गच्च भरल्या. हॅलोजनचे दिवे लागले, त्यांच्याभोवती पाखरं. दक्षिणेकडचा संघ आला होता आणि त्यांच्यातही उंच खेळाडू होते. मी त्यांचे हात बघत बसलो. एकाची बोटं फार लांब वाटली. त्याला कुणी मूठ मिटायला लावली असेल का, असं मनात आलं.

खेळ सुरू झाला. रिंगखाली आमच्याकडे कुणी नव्हतं, त्यामुळे प्रत्येक चुकलेला बॉल त्यांच्या हाती जात होता. मागून ओरडा सुरू झाला. "लंबू, उठ ना भो!" मग सगळ्या पायऱ्यांवरून, "लंबू! लंबू!" पहिल्या वर्षी याच आरोळीनं माझ्या अंगात वारं शिरायचं. आता मी गळ्याशी दोन बोटं लावून नाडी बघत होतो. ती इतकी जोरात उडत होती की मी हात काढून घेतला. मग हात नव्हता तरी कानात ऐकू यायला लागली.

शेवटच्या टप्प्यात सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा घामानं चमकत होता.

"थोडा वेळच. धावू नको. नुसता रिंगखाली उभा राहा, हात वर कर. एवढं होईल ना?"

मी उठलो. लोकांनी एकच गिल्ला केला. मी वरचा सदरा काढला, गुणलेखकांच्या टेबलाकडे निघालो. बदली खेळाडूनं तिथे जाऊन सांगायचं असतं. टेबलापर्यंतचं अंतर ते किती! पण मधेच मला पाठीत काहीतरी टोचल्यासारखं झालं. आज कळतं, तो माझाच भ्रम होता. दिवसभर बाकावर वाकून बसल्यानं पाठ अवघडली असेल. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांपुढे केळीची बाग आली, खाली ठेवलेला घड आला. मी जिथे होतो तिथेच थांबलो. टेबलावरचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी वळलो आणि बाकावर येऊन बसलो.

मग कुणीतरी वरून ओरडलं, "घाबरी गया रे लंबू!" आणि हशा पिकला. शेंगांची टरफलं अंगावर आली. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही हरलो. कपडे बदलायच्या खोलीत माझ्याशी कुणी बोललं नाही, एका जोडीदारानं फक्त माझी पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच एस.टी.नं निघालो. पारोळ्याच्या पुढे रस्ता खराब होता. गाडी आदळली की मी सीटचा दांडा धरून अंग उचलून घेत होतो. मांडीवर बॉम्ब घेऊन बसल्यासारखा तो प्रवास झाला, आणि बॉम्ब मांडीवर नव्हता, आत होता.

घरी पोचलो तेव्हा माय चुलीपुढे होती.

"तोंड असं काऊन केलं रे? हरले का?"

"हरलो."

"मग काय झालं? हात-पाय धू, जेव."

धाकटी बहीण ताट घेऊन आली. ती तेव्हा आठवीत होती, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, आणि उंचीला मायच्या डोक्यावर गेलेली. तालुक्याच्या शाळांत धावण्यात तिचा पहिला नंबर यायचा. तिनं ताट ठेवलं आणि माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. त्या बोटांकडे मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या काठावर ती पाचही बोटं, लांब, सडपातळ. माय नेहमी म्हणायची, पोरीची बोटं भेंडीसारखी नाजूक आहेत.

"इकडे ये," मी म्हणालो. "अंगठा आत घेऊन मूठ मिट."

"काऊन? मले जादू दाखवतो का, भाऊ?"

"मिट तर."

तिनं हसत हसत मूठ मिटली. मी प्रार्थना वगैरे करणारा माणूस नाही, पण त्या वेळी केली. अंगठा करंगळीपलीकडून बाहेर आला. नख अख्खं दिसत होतं.

"आता?" तिनं विचारलं. ती जादूची वाट बघत होती.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. मायनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. तेवढ्यात आबा शेतातून आले. दारात वाकून आत आले, कारण आमच्या दारातून आबांना सरळ येता येत नसे. त्यांना तसं वाकताना पाहिलं आणि सगळंच माझ्या ध्यानात आलं. धुळ्याहून येताना पूर्ण वाटेत मी माझा आणि काकाचा विचार केला होता. आमच्या दोघांच्या मध्ये कोण आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी सांगून टाकलं. मॅडम काय म्हणाल्या ते, काकाचं ते, सगळं. बहिणीला बाहेर जा म्हणालो, ती दाराआडच थांबली.

आबा खाली बसले. मग म्हणाले, "तुझ्या काकाले सापानं खाल्लं नव्हतं, हे मले ठाऊक होतं. आमचा बाप बी असाच गेला. मोट हाकता हाकता."

"हे तुम्ही कधी बोलले नाही," माय म्हणाली.

"काय बोलू?"

आणि बोलता बोलता त्यांनी उजव्या हाताचा अंगठा तळव्यावर घेतला, मूठ वळली. सावकाश, हात जड झाल्यासारखी. मी दुसरीकडे पाहिलं. मायनं मात्र पाहिलं, कारण तिनं पदराचा बोळा तोंडाशी नेला.

दोन-तीन दिवसांनी सर स्कूटरवरून दारात आले. मला वाटलं करार मोडल्याचं सांगायला आले. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आबांना म्हणाले, "भुसावळच्या दवाखान्यात एक ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्या बाईंचे पाय धरा." मग खाली बघत, "मी त्याला उतरवणार होतो, आबा. तोच थांबला म्हणून."

आबांनी नुसती मान हलवली.

सर आमच्याबरोबर मुंबईला आले. रेल्वेकडून खेळताना ते तिथे पुष्कळ राहिलेले होते, दवाखान्याच्या रांगा त्यांना ठाऊक होत्या. आम्ही तिघं, आबा, मी, बहीण, एकामागून एक त्या अंधाऱ्या खोलीत आडवे झालो. छातीवर गार गार जेल, वर फिरणारं ते यंत्र, आणि पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी उघडतंय, मिटतंय. यंत्र चालवणारी मुलगी काही बोलत नव्हती. माझ्या वेळी ती बराच वेळ एकाच जागी थांबली. मी छताकडे बघत म्हटलं, आता काय ते सांगा. पण ती म्हणाली, "उठा." आबांच्या वेळी ती मधेच उठून मोठ्या डॉक्टरांना बोलवून आली. दाराबाहेर बाकावर बसून मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

माझी वाहिनी थोडी रुंदावलेली निघाली. गोळ्या घ्यायच्या, खेळ बंद, वर्षातून एकदा दाखवायचं. बहिणीची नुकती कुठे सुरुवात होती. आबांची मात्र इतकी फुगलेली होती की डॉक्टर म्हणाले, "हे शेतात ओझी उचलत होते? परवापर्यंत?" घरी परत पाठवायला ते तयार नव्हते. फुगलेला भाग कापून तिथे कृत्रिम नळी आणि धातूची झडप बसवायची होती. वाचतील का, असं मी विचारलं, तर म्हणाले, केलं तर शक्यता आहे.

मायला गावाहून बोलावून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. पांढऱ्या कपड्यातलं कुणीही त्या दारातून बाहेर आलं की मी उठून उभा राही. प्रत्येक वेळी वाटे, हाच आता आपल्याकडे येणार. तो दुसऱ्याच कुणाकडे जाई, आणि आपल्याकडे आला नाही याचा आनंद मानायचीही भीती वाटे.

आबा वाचले. पुढे बरीच वर्षं जगले, केळीच्या बागेत खाट टाकून मजुरांवर ओरडत. त्यांच्या छातीतली झडप टिकटिक करायची. दुपारी घरात सामसूम असली की ओसरीपर्यंत ऐकू यायची. पहिल्या पहिल्यांदा मायला ती सहन होत नसे. मग असं झालं की काम करताना ती मधेच हातातलं थांबवून कान द्यायची, ऐकू आलं की पुन्हा कामाला लागायची. तिचा जीव त्या आवाजाला टांगलेला असायचा आणि आमचाही.

लीग पुढे फार चालली नाही. शेठजींचा उत्साह ओसरला, इतर शहरांचेही संघ गळाले. त्या वर्षीचे उरलेले सामने मी जळगावात प्रेक्षकांत बसून पाहिले. एकदा धुळ्याला जाऊन त्या डॉक्टर मॅडमना भेटायचं ठरवलं. गेलो तर त्यांची बदली झाली होती. कुठे, ते कुणाला सांगता आलं नाही.

बहिणीला हे सगळं नीट समजावणं मात्र कुणालाच जमलं नाही. तिला काहीच होत नव्हतं. दुखत नव्हतं, दम लागत नव्हता. आणि आम्ही सगळे मिळून तिला सांगत होतो, धावू नको. शाळेत जाऊन मी तिचं नाव शर्यतीतून काढून आलो. त्या दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुले निदान दोन वर्षं खेळायला भेटलं."

मी म्हणालो, "आबांकडे बघ." ती म्हणाली, "बघतेच तर आहे रोज."

पुढे ती जळगावला कॉलेजात जायला लागली. एकदा सकाळी मी तिच्याबरोबर स्टँडवर आलो होतो. बोलण्यात उशीर झाला आणि गाडी सुटली. दोन पावलं, चार पावलं, मग तिनं पुस्तकं छातीशी धरली आणि धूम ठोकली. मी ओरडलो, "अगं थांब! पुढची आहे!" ती थांबली नाही. तिची वेणी पाठीवर उडत होती आणि ते लांब पाय असे पडत होते की जमिनीला लागतायत की नाही ते कळू नये. मी तिच्यामागे धावू शकत नव्हतो. मी नुसता उभा होतो, माझा हात माझ्याच गळ्याशी गेलेला. कंडक्टरनं दार उघडलं, तिनं दांडा पकडला आणि ती आत गेली.

खिडकीत तिचा चेहरा दिसला. लाल झालेला, धापा टाकणारा, आणि हसणारा. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी त्या चेहऱ्याकडे बघत होतो.